पुस्तक छापून झालं, आता विकायचं कुठे?

छापखान्यातून पाचशे प्रतींचे गठ्ठे घरी येतात, कॉटखाली आणि कपाटाच्या आडोशाला रचले जातात, आणि स्वतःचं पुस्तक स्वतः काढणाऱ्या लेखकापुढे खरा प्रश्न उभा राहतो. अक्षरजुळणी, मुद्रितशोधन, मुखपृष्ठ, छपाई या कामांसाठी कुणी ना कुणी जाणकार भेटतो. विक्रीबद्दल मात्र प्रत्येक जण वेगळंच सांगतो. एक म्हणतो, ‘ॲमेझॉनवर टाका, जगभर दिसेल.’ दुसरा म्हणतो, ‘पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात एखादा वितरक गाठा.’ तिसऱ्याच्या मते ग्रंथालयांच्या यादीत नाव आलं की काम फत्ते. चौथा विचारतो, ‘ई-बुक असताना छापलंत कशाला?’ हे चारही सल्ले कुठल्या तरी पुस्तकाला लागू पडतात आणि कुठल्या तरी पुस्तकाचं नुकसान करतात.

डिजिटल छपाई आल्यापासून मराठीत स्वतःचं पुस्तक स्वतः काढणं आवाक्यात आलं आहे. पूर्वी ऑफसेटवर हजार-अकराशे प्रतींची आवृत्ती काढल्याशिवाय हिशेब बसत नसे. आता शंभर-दोनशे प्रतीही काढता येतात. छापणं असं सोपं झालं, पण विकणं पूर्वीइतकंच कष्टाचं राहिलं. म्हणून सगळ्या वाटा एकत्र मांडून पाहणं गरजेचं आहे. माझं मत आधीच सांगतो. सगळ्यांत मोठं दुकान कोणतं, यावरून विक्रीची जागा ठरवू नये. आपला वाचक आधीपासून कुठे जमतो आणि विकलेल्या प्रतीचे पैसे व हिशेब आपल्यापर्यंत वेळेत परत येतो का, या दोन कसोट्यांवर ती ठरवावी.

ही वाट जुनीच आहे

स्वतः पुस्तक काढणं म्हणजे प्रकाशक न मिळालेल्या माणसाची नाइलाजाची धडपड, असा समज अजूनही आहे. मराठीचा इतिहास वेगळं सांगतो. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ स्वतःच प्रसिद्ध केलं. पंडिता रमाबाईंनी १८८२ साली ‘स्त्रीधर्मनीति’ लिहिलं आणि त्याच्या विक्रीतून आलेल्या पैशाच्या आधारावर पुढच्या वर्षी इंग्लंडचा प्रवास केला. विसाव्या शतकात ज्ञानकोशकार श्रीधर व्यंकटेश केतकरांनी मराठी ज्ञानकोशासाठी मर्यादित कंपनी काढली, वर्गणीदार मिळवले आणि त्या बळावर खंडामागून खंड काढले.

आज आपण ज्याला साहित्य संमेलन म्हणतो, त्याचा उगमही ग्रंथविक्रीच्या काळजीतूनच झाला. न्यायमूर्ती रानडे आणि लोकहितवादी यांनी १८७८ साली पुण्यात ग्रंथकारांना एकत्र बोलावलं, ते ग्रंथप्रसाराला उत्तेजन कसं मिळेल हे ठरवण्यासाठी. पुस्तक लिहिणाऱ्याने त्याच्या विक्रीचा विचार करणं आपल्याकडे कधीच कमीपणाचं नव्हतं. आज काही लेखकांना त्याचा संकोच वाटतो. तो पहिल्यांदा दूर व्हायला हवा.

एका आवृत्तीचा हिशेब

जागांची तुलना करायची तर एक उदाहरण समोर ठेवू. समजा, दोनशे पानांचं पुस्तक आहे, किंमत ३०० रुपये. पाचशे प्रतींची छपाई, अक्षरजुळणी, मुखपृष्ठ असा एकूण खर्च ६०,००० रुपये झाला. हा खर्च भरून निघायला किती प्रती विकाव्या लागतील?

लेखकाने प्रकाशन समारंभात किंवा व्याख्यानानंतर २० टक्के सवलतीने प्रत हातोहात विकली, तर २४० रुपये मिळतात आणि २५० प्रतींत खर्च निघतो. टपालखर्चासह २५० रुपयांत प्रत घरपोच दिली आणि टपाल-वेष्टनाला ३५ रुपये गेले, तर २१५ रुपये उरतात. मग सुमारे २८० प्रती लागतात. दुकानाला ३५ टक्के कमिशन दिलं, तर १९५ रुपये येतात आणि ३०८ प्रती लागतात. वितरकाला ५० टक्के दिले, तर १५० रुपये येतात आणि ४०० प्रती विकल्यावर कुठे बरोबरी होते.

आता यात ‘सप्रेम भेट’ धरा. नातेवाईक, मित्र, समीक्षक, प्रस्तावनाकार, वृत्तपत्रं यांना मिळून पन्नास प्रती सहज जातात. म्हणजे विकायला उरतात ४५०. सगळं वितरकाच्या भरवशावर सोडलं, तर जवळजवळ अख्खी आवृत्ती संपल्यावर खर्च निघेल. आकडे पुस्तकागणिक बदलतील, पण हा हिशेब प्रत्येकाने छपाईच्या आधी करावा. किंमत किती ठेवायची आणि प्रती किती काढायच्या, याची उत्तरं विक्रीची जागा ठरल्याशिवाय मिळत नाहीत. पुष्कळ जण किंमत छापून मोकळे होतात आणि नंतर कमिशन ऐकून हबकतात.

हातोहात आणि पूर्वनोंदणी

सर्वांत जास्त पैसे हातात राहतात ते थेट विक्रीत. मराठीत त्याची चांगली परंपरा आहे. जुन्या पुस्तकांत आश्रयदात्यांच्या नावांची यादीच छापलेली असे. कुलवृत्तांत तर आजही याच पद्धतीने निघतात. एखाद्या कुळाचं मंडळ गावोगावच्या कुटुंबांकडून माहिती गोळा करतं, प्रकाशनपूर्व सवलतीत नोंदणी घेतं, आणि नोंदणीचा आकडा कळल्यावर प्रती छापतं. त्या पुस्तकाचा वाचक कोण, हे पहिल्या दिवसापासून ठाऊक असतं. म्हणूनच कुठल्याही दुकानात न ठेवलेलं ते जाडजूड पुस्तक संपतं.

हीच रीत इतर पुस्तकांनाही लागू करता येते. गावाचा इतिहास लिहिला असेल, तर त्या गावाचे पुण्या-मुंबईत राहणारे लोक, शाळेचे माजी विद्यार्थी, ग्रामदेवतेच्या जत्रेला येणारी मंडळी हा वाचकवर्ग तयार आहे. गडकिल्ल्यांवर पुस्तक असेल, तर गिर्यारोहण संस्था आणि भटक्यांचे गट आहेत. व्हॉट्सॲपवर महिनाभर आधी एक नेमका संदेश पाठवावा. पुस्तक कशाबद्दल आहे, किंमत किती, सवलत कोणत्या तारखेपर्यंत, पैसे कुठे पाठवायचे, एवढ्या चार गोष्टी त्यात असल्या की पुरे. यूपीआयमुळे वसुलीची मोठी अडचण मिटली आहे. पूर्वी मनीऑर्डर आणि धनादेशांच्या मागे लागावं लागे.

टपालाचा प्रश्न मात्र अधूनमधून डोकं वर काढतो. नोंदणीकृत पुस्तक टपालाची स्वस्त सोय २०२४ च्या अखेरीस बंद झाली, तेव्हा छोट्या प्रकाशकांनी त्याविरुद्ध आवाज उठवला. त्यानंतर १ मे २०२५ पासून टपाल खात्याने ‘ज्ञान पोस्ट’ ही सेवा सुरू केली. शैक्षणिक, सामाजिक, सांस्कृतिक, धार्मिक स्वरूपाची पुस्तकं तिच्यातून जमिनीमार्गे जातात आणि त्यांचा माग ठेवता येतो. सुरुवातीचे दर ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपयांपासून ५ किलोंसाठी १०० रुपयांपर्यंत, कर वेगळा, असे होते. दोनशे पानांचं पुस्तक ३०० ग्रॅमच्या आत बसतं की थोडक्यात बाहेर जातं, हे कागद निवडतानाच वजनकाट्यावर पाहावं. दहा ग्रॅमच्या फरकाने प्रत्येक प्रतीमागे टपालाचा दर बदलतो. आपलं पुस्तक या सेवेच्या नियमांत बसतं का, हेही टपाल कार्यालयात आधीच विचारून घ्यावं.

थेट विक्रीची मर्यादाही स्पष्ट आहे. ओळखीचं वर्तुळ कुठेतरी संपतं. शंभर-दीडशे प्रती वेगाने जातात आणि मग फोन थांबतात. त्यापुढच्या प्रतींसाठी दुसऱ्याच्या वर्तुळात शिरावंच लागतं.

दुकान आणि वितरक

पुण्याचा अप्पा बळवंत चौक, मुंबईत दादर आणि गिरगाव, आणि प्रत्येक जिल्ह्याच्या गावातलं एखाद-दुसरं जुनं पुस्तकांचं दुकान हा मराठी पुस्तकविक्रीचा कणा आहे. चांगला दुकानदार आपल्या गिऱ्हाइकाची आवड ओळखतो. ‘तुम्हाला हे आवडेल’ असं म्हणत त्याने पुढे केलेलं पुस्तक बहुधा परत येत नाही. कुठलंही संकेतस्थळ हे काम इतक्या खात्रीने करत नाही.

व्यवहार कसा चालतो ते नीट समजून घ्यावं. दुकानात दहा प्रती दिल्या की चलान होतं. त्यावर पुस्तकाचं नाव, प्रतींची संख्या, किंमत, कमिशनचा टक्का आणि सही-शिक्का असतो. बहुतेक ठिकाणी प्रती विक्रीसाठी ठेवून घेतल्या जातात, पैसे विक्रीनंतर. इथेच गाडी अडते. तीन महिन्यांनी लेखक दुकानात जातो, तेव्हा मालक नसतो किंवा प्रती गोदामात असतात. कधी ‘मोजून सांगतो’ असं उत्तर मिळतं. सहा महिन्यांनी चार प्रती परत येतात. त्यातल्या दोन पिवळ्या पडलेल्या, एकीचा कोपरा दुमडलेला. उरलेल्या सहा प्रतींचे हजार-बाराशे रुपये वसूल करायला केलेल्या फेऱ्यांचा खर्च कधी कधी त्या रकमेच्या पुढे जातो. यात दुकानदाराला सरसकट दोष देऊन चालणार नाही. शेकडो लेखक-प्रकाशकांची पाच-पाच, दहा-दहा प्रतींची खाती सांभाळणं त्यालाही परवडत नाही.

म्हणून तीन पथ्यं पाळावीत. पहिलं, दुकानं थोडी निवडावीत. ज्या गावात आपला वाचक आहे, तिथलं एकच, पण नीट हिशेब ठेवणारं दुकान धरावं. दुसरं, चलानावर हिशेबाची मुदत आणि खराब प्रतींची जबाबदारी लिहून घ्यावी. तिसरं, जमेल तिथे रोखीचा व्यवहार सुचवावा. दुकानदाराने पाच प्रती रोखीने घेतल्या, तर कमिशन चार-पाच टक्के जास्त द्यायला हरकत नाही. ज्याने पैसे गुंतवले आहेत, तो पुस्तक दर्शनी मांडणीत ठेवतो.

वितरकाचं गणित आणखी वेगळं आहे. तो गावोगावच्या दुकानांत, प्रदर्शनांत आणि ग्रंथालयांपर्यंत पुस्तक नेतो आणि त्यासाठी चाळीस ते पन्नास टक्के, कधी त्याहूनही जास्त मागतो. ज्या पुस्तकाला महाराष्ट्रभर विखुरलेला, पण नावाने न ओळखता येणारा वाचक आहे, त्याला वितरक लागतोच. स्पर्धा परीक्षेचं, पाककृतींचं, आरोग्यावरचं किंवा मुलांचं पुस्तक असेल, तर हा खर्च योग्य आहे. शंभर पानांच्या कवितासंग्रहाला तो पेलत नाही.

संमेलन, ग्रंथोत्सव आणि प्रदर्शन

साहित्य संमेलनातलं ग्रंथप्रदर्शन, ग्रंथालय संचालनालयाचे जिल्ह्याजिल्ह्यातले ग्रंथोत्सव आणि २०२३ पासून डिसेंबरात भरणारा पुणे पुस्तक महोत्सव या ठिकाणी पुस्तक विकत घ्यायच्या तयारीनेच माणसं येतात. मात्र गाळ्याचं भाडं, प्रवास, मुक्काम आणि गठ्ठ्यांची वाहतूक एका पुस्तकाच्या जिवावर निघत नाही. एकच पुस्तक असलेल्या लेखकाने स्वतंत्र गाळा घेऊ नये. आठ-दहा लेखक-प्रकाशकांनी मिळून एक गाळा घ्यावा, पाळ्या लावाव्यात आणि एकमेकांची पुस्तकं विकावीत. दुसऱ्याच्या पुस्तकाबद्दल लेखक मोकळेपणाने बोलतो आणि गिऱ्हाइकालाही ते खरं वाटतं.

प्रदर्शनाच्या टेबलामागे उभं राहिलं की जे शिकायला मिळतं, ते दुसरीकडे मिळत नाही. वाचक पुस्तक उचलतो तेव्हा आधी मुखपृष्ठ पाहतो, मग उलटून मलपृष्ठावरचा मजकूर वाचतो. तिथे तीन-चार ओळींत पकड बसली नाही, तर पुस्तक खाली जातं. बसली, तर तो मधलंच एखादं पान उघडतो, दोन परिच्छेद वाचतो आणि मग किंमत शोधतो. हे चालू असताना लेखकाने बोलायला सुरुवात केली, की पुष्कळ वाचक अवघडून पुस्तक ठेवून देतात. वाचकाने मान वर केल्यावर ‘तुम्ही कुठले?’ एवढंच विचारलं, तर बोलणं सुरू होतं. संध्याकाळी मोजावं, किती जणांनी उचललं आणि किती जणांनी घेतलं. पुष्कळांनी उचलून ठेवून दिलं असेल, तर मलपृष्ठ किंवा किंमत चुकली आहे. कुणी उचललंच नसेल, तर मुखपृष्ठ चुकलं आहे. दुसऱ्या आवृत्तीसाठी एवढी माहिती फार मोलाची असते.

साहित्याच्या मांडवाबाहेरही पुस्तकं विकली जातात, हे लेखक विसरतात. शेतीवरच्या पुस्तकाचा वाचक पुण्याजवळ मोशीला दर डिसेंबरात भरणाऱ्या ‘किसान’ प्रदर्शनात भेटतो. संतसाहित्यावरचं पुस्तक आळंदी-पंढरपूरच्या वाटेवर विकलं जातं. दशावतार किंवा मालवणी मुलखावरचं पुस्तक कोकणातल्या जत्रांत चालतं. गोव्याबद्दलचं मराठी पुस्तक आधी पणजी-मडगावात पोचायला हवं, पुण्याचा विचार नंतर.

ग्रंथालयं

१९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्यामुळे महाराष्ट्रात शासनमान्य वाचनालयांचं मोठं जाळं उभं राहिलं. अ, ब, क, ड अशा वर्गांची अकरा-बारा हजार ग्रंथालयं राज्यात आहेत. त्यांना अनुदान मिळतं, त्यातला ठरावीक भाग ग्रंथखरेदीवर खर्च करावा लागतो. मराठी पुस्तकाचा हा सर्वांत मोठा संघटित ग्राहक आहे. शासनाच्या ग्रंथनिवडीची यादी आणि कोलकात्याच्या राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानाच्या योजना यांतूनही खरेदी होते.

इथे पोचायला संयम आणि कागदपत्रं लागतात. पुस्तकाला आयएसबीएन क्रमांक हवा, तो केंद्र सरकारच्या यंत्रणेकडून मोफत मिळतो आणि लेखक स्वतःच प्रकाशक म्हणून अर्ज करू शकतो. त्यासाठी मध्यस्थाला पैसे मोजायची गरज नाही. स्वतः पुस्तक काढलं की कायद्याच्या दृष्टीनेही आपणच प्रकाशक असतो. १९५४ च्या कायद्यानुसार कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय, मुंबईचं मध्यवर्ती ग्रंथालय आणि इतर ठरलेल्या ग्रंथालयांना प्रती पाठवाव्या लागतात. हे बंधन पुष्कळांना ठाऊक नसतं. आपलं पुस्तक पुढच्या पिढ्यांसाठी टिकावं असं वाटत असेल, तर हे काम आनंदाने करावं. पहिलंच पुस्तक असेल, तर महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजनाही पाहावी. पण ती हस्तलिखिताच्या टप्प्यावर, पुस्तक छापण्याआधी.

यादीच्या पलीकडे जाऊन तालुक्याच्या वाचनालयाला स्वतः भेट देणं अधिक फळतं. ग्रंथपालाला वाचकांची मागणी ठाऊक असते. वाचनालयात पुस्तकावर छोटा कार्यक्रम ठेवला, तर दोन प्रती वाचनालय घेतं आणि दहा प्रती श्रोते घेतात. वाचनालयात गेलेली प्रत वर्षानुवर्षं वाचली जाते. ज्यांच्याकडे तीनशे रुपये नाहीत, त्यांच्यापर्यंत ती पोचते. लेखक म्हणून मला ही विक्री सर्वांत समाधानाची वाटते.

ऑनलाइन छापील विक्री

ऑनलाइन दुकानाचे दोन प्रकार वेगळे ओळखावेत. पहिला, आपण छापलेल्या प्रती तिथे विकणं. पुण्याच्या बुकगंगेवर मराठी वाचक मराठी पुस्तक शोधायलाच येतो, हा तिचा मोठा फायदा. ॲमेझॉन-फ्लिपकार्टवर गर्दी अफाट, पण त्या गर्दीत मराठी पुस्तक शोधणारे थोडे. तिथे दर ऑर्डरमागे ठरावीक शुल्क आणि वाहतूक खर्च लागतो, आणि या सेवांवर जीएसटीही. छापील पुस्तकावर जीएसटी नाही आणि फक्त करमुक्त वस्तू विकणाऱ्याला कायद्याने नोंदणीची सक्ती नाही. पण या शुल्कांवरचा कर मात्र आपल्याच खिशातून जातो. ठरावीक शुल्काचा घाव स्वस्त पुस्तकाला जास्त बसतो. सहाशे रुपयांच्या ग्रंथाला जे शुल्क जाणवत नाही, तेच शंभर रुपयांच्या कवितासंग्रहाची सगळी कमाई खाऊन टाकतं. अशा वेळी दोन-तीन पुस्तकांचा संच करून विकणं बरं.

दुसरा प्रकार मागणीनुसार छपाईचा. बंगळुरूची पोथी डॉट कॉम, चेन्नईची नोशन प्रेस अशा कंपन्या ऑर्डर आली की एक प्रत छापून पाठवतात. गठ्ठे घरात येत नाहीत, पैसे अडकत नाहीत. दर प्रतीचा छपाईखर्च मात्र आवृत्तीच्या छपाईपेक्षा बराच जास्त असतो, त्यामुळे किंमत वाढते किंवा मानधन आटतं. आवृत्ती संपल्यावर तुरळक मागणी पुरवायला ही सोय उत्तम. पहिल्या पाचशे वाचकांसाठी ती महाग पडते.

इथेच एक सावधगिरीची सूचना. हजारो रुपयांचं पॅकेज घेऊन ‘देशभर उपलब्ध’ करण्याचं आश्वासन देणारे पुष्कळ आहेत. संकेतस्थळावर पुस्तक उपलब्ध असणं वेगळं आणि ते विकलं जाणं वेगळं. पैसे भरण्याआधी करारात चार गोष्टी पाहाव्यात. स्वामित्वहक्क कुणाकडे राहतो, विक्रीचा अहवाल किती दिवसांनी मिळतो, मांडणीची आणि मुखपृष्ठाची फाइल आपल्याला मिळते का, आणि करार मोडायचा असेल तर मुदत किती. यातल्या एकाही प्रश्नाचं लेखी उत्तर मिळत नसेल, तर तिथून उठावं.

कुठेही पुस्तक नोंदवताना शीर्षक आणि लेखकाचं नाव देवनागरीत आणि रोमन लिपीत, दोन्ही प्रकारे द्यावं. पुष्कळ मराठी वाचक फोनवर रोमन अक्षरांतच शोध घेतात. मलपृष्ठावरचा मजकूर जसाच्या तसा न चिकटवता गाव, काळ, विषय यांचे नेमके शब्द वर्णनात घालावेत.

ई-बुक आणि श्राव्य पुस्तक

ॲमेझॉनच्या किंडलवर मराठीची सोय २०१६ च्या अखेरीस झाली. तिथे लेखकाला ३५ किंवा ७० टक्के मानधन मिळतं. पण भारतातल्या विक्रीवर ७० टक्के हवे असतील, तर ‘केडीपी सिलेक्ट’ योजनेत जावं लागतं. त्या योजनेची अट अशी की नव्वद दिवस ते ई-बुक दुसरीकडे कुठेही ठेवता येत नाही. आपण योजना बंद केली नाही, तर मुदत आपोआप वाढते. ७० टक्क्यांच्या पर्यायात फाइलच्या आकारानुसार शुल्कही कापलं जातं, म्हणून छायाचित्रांनी भरलेल्या प्रवासवर्णनाला कधी ३५ टक्केच फायद्याचे ठरतात. बुकगंगेवरही ई-बुक विकायचं असेल, तर सिलेक्टच्या वाटेला जाऊ नये. ज्या ई-बुकची छापील आवृत्तीही आहे, त्यावर ५ टक्के जीएसटी आहे आणि ज्याची नाही त्यावर १८ टक्के, हेही किंमत ठरवताना लक्षात ठेवावं.

ई-बुकचा खरा उपयोग दूरच्या वाचकासाठी. अमेरिका-कॅनडातल्या मराठी मंडळांची बृहन्महाराष्ट्र मंडळ ही संघटना १९८१ पासून काम करते, तिच्या अधिवेशनांना हजारो माणसं जमतात. त्या वाचकाला तीनशे रुपयांचं पुस्तक पाठवायचं, तर टपालखर्च पुस्तकाच्या कितीतरी पट होतो. त्याच्यासाठी ई-बुक हीच सोयीची वाट. कादंबरी, कथा, रहस्यकथा ई-बुकवर चालतात. तक्ते, नकाशे, वंशावळी असलेलं पुस्तक फोनच्या पडद्यावर वाचवत नाही.

प्रतिलिपीसारख्या संकेतस्थळावर कथा क्रमशः प्रसिद्ध करून वाचक मिळवता येतात. उत्पन्नापेक्षा ओळख मिळवण्यासाठी ती जागा चांगली. ‘स्टोरीटेल’ ही श्राव्य पुस्तकांची सेवा २०१७ साली भारतात आल्यानंतर मराठीत हे दालन खऱ्या अर्थाने उघडलं. चांगल्या ध्वनिमुद्रणाचा खर्च एकट्या लेखकाला झेपत नाही, म्हणून इथे हक्क देऊन मानधन घेणं शहाणपणाचं; पण करारात श्राव्य हक्क वेगळे आणि ठरावीक मुदतीसाठीच द्यावेत. डिजिटल विक्रीची एक बोच सगळ्यांनाच आहे. ई-बुकची पीडीएफ फुकट फिरू लागते. हे पूर्णपणे थांबवणं एकट्याच्या हातात नाही. पण फाइल परिचितांना सहज पाठवण्याचा मोह लेखकाने स्वतः तरी टाळावा.

कोणत्या पुस्तकाला कोणती जागा

एकच पाया आणि दोन जोड असं धोरण बहुतेकांना पुरतं. गावाचा, घराण्याचा, संस्थेचा इतिहास असेल, तर पाया पूर्वनोंदणीचा; जोडीला स्थानिक दुकान आणि जिल्ह्यातली ग्रंथालयं. कवितासंग्रह असेल, तर पाया कार्यक्रमांचा आणि हातोहात विक्रीचा, दोनशे प्रतींची छोटी आवृत्ती आणि एखादं रसिक दुकान. कादंबरीला बुकगंगा, निवडक दुकानं आणि ई-बुक. शेती, आरोग्य, पाककला, परीक्षा अशा उपयोगाच्या पुस्तकाला वितरक आणि त्या त्या क्षेत्राची प्रदर्शनं. बालसाहित्याला शाळा आणि दिवाळी-उन्हाळ्याच्या सुट्टीतली प्रदर्शनं. अनुभवकथन किंवा आत्मचरित्राला आधी आपल्या व्यवसायाची, चळवळीची, आजारातून गेलेल्यांची मंडळी, मग बाकीचे.

पाया कोणताही असो, एक वही प्रत्येकाने ठेवावी. कुणी प्रत घेतली, कुठून, किती पैशाला, पैसे आले की नाही, आणि वाचून काही कळवलं का. मोठं ऑनलाइन दुकान लेखकाला विक्रीचा आकडा देतं, वाचकाचं नाव देत नाही. स्वतः पुस्तक काढणाऱ्या लेखकाजवळ ती नावं असतात आणि दुसऱ्या पुस्तकाची पूर्वनोंदणी तिथूनच सुरू होते. पहिल्या पुस्तकाच्या दोनशे थेट वाचकांची यादी मला पाचशे अनोळखी विक्रींपेक्षा मोलाची वाटते.

शेवटी संस्थांकडून तीन रास्त अपेक्षा. संमेलनाच्या आणि ग्रंथोत्सवाच्या आयोजकांनी प्रत्येक ठिकाणी लेखक-प्रकाशकांसाठी नाममात्र भाड्याचा एक सामाईक गाळा राखून ठेवावा. ग्रंथनिवडीची प्रक्रिया आणि तिचं वेळापत्रक एका पानाच्या सोप्या मराठीत प्रसिद्ध व्हावं, म्हणजे चिपळूणच्या किंवा किनवटच्या लेखकाला त्यासाठी कुणाची ओळख शोधावी लागणार नाही. आणि दुकानदारांच्या व प्रकाशकांच्या संघटनांनी मिळून लहान खात्यांसाठी सहा महिन्यांच्या हिशेबाचा एक साधा नमुना ठरवावा. मोठ्या प्रकाशकांच्या यादीत न बसणारं पुष्कळ मराठी ज्ञान आज अशाच पुस्तकांत आहे. बोलींचे शब्दसंग्रह, गावांचे इतिहास, कारागिरांचे अनुभव. ते कॉटखालच्या गठ्ठ्यांत अडकून पडलं, तर तोटा एकट्या लेखकाचा होणार नाही. वर सुचवलेल्या तिन्ही गोष्टींना फारसा पैसा लागत नाही. त्या येत्या हंगामातच सुरू करता येतील.